हातावर येण्याआधी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हापुन्हा येतो. मुलाने किंवा लेकीने, एकट्या पडलेल्या आईला वा वडिलांना सोबत व्हावी म्हणून दोन रंगीत पक्षी पिंजऱ्यासह आणून दिले. दोन महिने उलटले. रोज दाणापाणी होते, लाडाने हाका मारल्या जातात. तरीही वाटी भरायला हात आत नेला की ते पक्षी जिवाच्या आकांताने पिंजराभर आपटत फिरतात. आपली माया त्यांना कळतच नाही की काय, अशी खंत या पत्रांतून डोकावते. काहींनी तर ते पक्षी परत देऊन टाकण्याचा विचार केला आहे.

माया कळत नाही असे नाही. ती त्यांना कळेल अशा भाषेत अजून सांगितली गेलेली नाही, एवढेच. ही भाषा शिकण्यास वय आड येत नाही. उलट, तिच्यासाठी लागणारी सवड, संथपणा आणि ठरल्या वेळी ठरलेले काम करण्याची सवय या तिन्ही गोष्टी घरातील तरुणांपेक्षा आपल्यापाशीच अधिक असतात.

आधी नावाचा घोळ निस्तरू. आपल्याकडे दुकानदार ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकतात, ते हिरवे-पिवळे किंवा निळे-पांढरे, पाठीवर काळ्या लहरी असलेले, लांब शेपटीचे पक्षी बहुधा लव्हबर्ड नसतातच. ते बजरीगर, म्हणजेच बजी. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला. अंगाने जाड, शेपटीने आखूड आणि चोचीने जबर. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड या पक्षीशास्त्रज्ञाने १८४० साली तो जिवंत इंग्लंडमध्ये नेला आणि तेथून तो जगभरच्या घरांत पसरला. वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, आयुष्य बहुधा ५ ते १० वर्षे. आपल्यापैकी अनेकांच्या लहानपणी वाड्याच्या ओसरीवर 'मिठू' असे. तो आपला देशी पोपट आता वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये पिंजऱ्यात ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. बजरीगर परदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरात जन्मलेला असल्याने त्याला ती बंदी लागू नाही. मात्र पुण्य लागेल म्हणून कोणी त्याला गच्चीवरून सोडून देऊ नये. त्याला आपल्याकडचे दाणापाणी शोधता येत नाही. कावळे आणि भूक यांच्या तावडीतून तो फार दिवस तगत नाही.

आता त्याच्या भीतीकडे वळू. रानात बजरीगर थव्याने राहतो. पाणी आणि गवताचे बी जिथे असेल तिथे थवा जातो. त्याला मारणारा शत्रू बहुधा आकाशातून, वरून झडप घालतो. ही गोष्ट ध्यानी घेतली की पिंजऱ्यातले बरेचसे कोडे सुटते. आपला हात त्याच्या देहाच्या कितीतरी पट मोठा आणि तो बहुतेक वेळा वरून येतो. आपले दोन्ही डोळे समोर रोखलेले असतात, शिकारी प्राण्याचे असतात तसेच. आणि दुकानात त्याने माणसाचा हात पाहिला तो कसा? मूठ आवळून पकडणारा, कागदी खोक्यात कोंबणारा. अशा हाताला पाहून तो घाबरला नाही, तरच नवल.

थव्याच्या जीवनाची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. थवा सतत किलबिलत असतो. त्या किलबिलीचा अर्थ 'सारे ठीक आहे' असा. एकाएकी शांतता पसरली तर संकट आले असे समजायचे. म्हणूनच पक्ष्याला घाबरवू नये या हेतूने आपण त्याच्यापाशी चोरपावलांनी, मुक्याने गेलो तर तो अधिकच धास्तावतो. त्याऐवजी दारातूनच बोलत यावे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे, हरिपाठ म्हणावा, भाजी निवडताना पुटपुटावे. काय बोलता याला महत्त्व नाही. रोजचा तोच आवाज, तीच लय त्याच्या कानी पडणे महत्त्वाचे.

पिंजरा कुठे ठेवायचा, हे बोलण्याआधी ठरवायला हवे. आपली रोजची बसण्याची जागा जिथे असेल, तिच्यापासून तीन-चार हात दूर, भिंतीच्या कोपऱ्यात, म्हणजे त्याच्या दोन बाजू झाकलेल्या राहतील आणि पाठीमागून कोणी येण्याची धास्ती उरणार नाही. उंची आपण खुर्चीत बसल्यावर आपल्या डोळ्यांच्या पातळीची असावी. आढ्याला टांगलेला पिंजरा दिसायला छान. पण त्यासाठी स्टुलावर चढावे लागते, आणि साठीनंतर स्टुलावर चढणे हा धोका कोणत्याही पक्ष्यासाठी पत्करू नये. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यात पक्ष्याला सगळे जग वरून अंगावर येते. भक्कम, न डुगडुगणारे मेज उत्तम. स्वयंपाकघर मात्र सर्वस्वी वर्ज्य. त्याचे कारण पुढे येईलच.

पहिला आठवडा काहीही करू नये. दाणापाणी द्यावे, कागद बदलावा, बोलावे आणि बाजूला बसावे. बसताना थेट टक लावून पाहू नये. थोडे तिरके बसून अधूनमधून नजर टाकावी, डोळे सावकाश मिटावेत-उघडावेत. आपला सकाळचा चहा-नाश्ता त्याच्याजवळच घ्यावा. थवा एकत्र टिपतो. आपण खात आहोत हे पाहून तोही वाटीकडे वळतो. आपल्यासमोर त्याने निवांत दाणा टिपला, तर पहिली पायरी झाली असे समजावे.

पुढच्या खुणा फार सुंदर असतात, फक्त त्या ओळखता आल्या पाहिजेत. घाबरलेला बजी पिसे अंगाला घट्ट चिकटवून, सडपातळ होऊन, न हलता बसतो. अनेकांना ते 'शहाण्यासारखे' बसणे वाटते, पण तो भयाने ताठलेला असतो. विश्वास वाटू लागला की तो आपल्यासमोर एक पाय पोटाशी घेऊन बसतो, पिसे चोचीने विंचरतो, संध्याकाळी डुलकी घेताना चोच चोचीवर घासून बारीक करकर आवाज करतो. चोच घासण्याचा हा आवाज ऐकून काही जण त्याला काही दुखते आहे असे समजतात. ते समाधानाचे लक्षण आहे.

यानंतर हाताची ओळख करून द्यायची. पहिले काही दिवस हात पिंजऱ्याच्या बाहेर, गजांजवळ, पक्ष्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली नुसता टेकवून ठेवावा आणि बोलत राहावे. तो दूर सरकला तर हात जिथे त्याला चालत होता तिथवर मागे घ्यावा. याला माघार म्हणायचे नाही. आपले त्याने ऐकले, हेच त्याला कळते. हाताकडे तो दुर्लक्ष करू लागला की दार उघडून हात आत, दाराशीच, स्थिर. मग राळ्याचे अख्खे कणीस. पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानात ते मिळते आणि बजीला ते आपल्याला पुरणपोळी असावी तसे प्रिय. एरवी ते देऊ नये, केवळ आपल्या हातूनच मिळावे. लांब कणसाचे टोक त्याच्यासमोर धरावे. दर दोन-तीन दिवसांनी पकड थोडी पुढे न्यावी, म्हणजे टिपता टिपता तो बोटांच्या जवळ येत जाईल. शेवटी एक दिवस कणीस बोटामागे धरावे आणि आडवे बोट त्याच्या पोटाच्या खालच्या भागाला, पायांच्या किंचित वर, हलकेच लावून 'ये' म्हणावे. तो पाऊल उचलून बोटावर ठेवील. आपण आनंदाने ओरडू नये, एवढे पथ्य पाळावे. दोन क्षण बसू द्यावे आणि परत दांडीवर उतरवावे.

एका वेळी दहा मिनिटे पुष्कळ झाली. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी. कोवळ्या पक्ष्याला दोन-तीन आठवडे पुरतात, दुकानातल्या मोठ्या थव्यात वाढलेल्या प्रौढ पक्ष्याला कित्येक महिने लागतात, आणि काही पक्षी हातावर कधीच येत नाहीत. ते आपल्या शेजारी निर्धास्त राहतात, आपण दिसलो की किलबिलतात, कणीस हातातून खातात, आणि तेवढ्यावर थांबतात. माझ्या मते तेही पुरेसे आहे. हातावर येणारा पक्षी 'चांगला' आणि न येणारा 'वाईट', असे मानण्याचे कारण नाही.

हात कापत असेल तर? हा प्रश्न विचारायला अनेक जण संकोचतात. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मेजावर, उशीवर टेकवून ठेवला की कंप पुष्कळ कमी जाणवतो. बोटाऐवजी वीतभर लांबीची, बोटाएवढ्या जाडीची काठी धरली तरी चालते. पक्षी काठीवर चढायला बोटापेक्षा लवकर तयार होतो. काठीही नको असेल तर कणीस चिमट्याने मेजाच्या कडेला लावून आपण शेजारी बसावे. त्याचे येणे महत्त्वाचे, ते हातावरच असावे असे नाही.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: पकडणे. मुठीत धरून कुरवाळल्याने सवय होते, हा समज दुकानदारांत फार आहे. तसा पक्षी शांत होतो तो भयाने. आजारपणात पकडावेच लागले तर मऊ रुमालात, छातीवर जराही दाब न देता, कारण पक्ष्याला श्वासासाठी छाती हलवावीच लागते; ती दाबली तर तो गुदमरतो. घरात नातवंडे असतील तर हे त्यांना आधी समजावून सांगावे. पंख कापून पक्षी माणसाळवण्याची पद्धतही मला मान्य नाही. ज्याला दूर जाता येतच नाही, त्याच्या जवळ येण्याला अर्थ काय उरतो?

मात्र पंख शाबूत असलेला पक्षी खोलीत सोडायचा तर छताचा पंखा बंद हवा. आपल्याकडे पिंजऱ्याबाहेरच्या बजींचा हा सर्वांत मोठा वैरी. पक्षी बाहेर असताना बटणावर चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे बाहेरून आलेले कोणी सवयीने बटण दाबणार नाही. खिडक्या बंद, काचेवर पडदा, बादलीवर झाकण. आणि खाली पाहून चालावे. बजीला जमिनीवर उतरून टिपायला आवडते.

एक पक्षी की दोन, यावर मतभेद आहेत. एकटा असलेला लवकर माणसाळतो आणि जास्त बोलतो, हे खरे. पण त्याला दिवसातले कित्येक तास माणसाची सोबत लागते. आपण दिवसभर घरी असाल तरीही बाजारहाट, दवाखाना, गावाला जाणे आहेच. म्हणून मी दोन सुचवीन. माणसाळायला वेळ जरा अधिक लागेल. घेताना कोवळे घ्यावेत: कपाळावरच्या काळ्या रेघा चोचीच्या मुळापर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा असतो, बुबुळाभोवती पांढरी कड दिसत नाही. प्रौढ नराचा चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग निळा, मादीचा फिकट किंवा तपकिरी असतो. जोडीबरोबर दुकानदार एक छोटे मडकेही गळ्यात मारतो, 'रात्री झोपायला' म्हणून. ते घेऊ नये. बजी झोपण्यासाठी घरटे वापरत नाही. मडके दिसले की मादी अंडी घालू लागते, एकामागून एक अंडी घालून तिच्या अंगातील कॅल्शियम संपते, आणि अंडे अडकून ती दगावू शकते.

पिंजरा उंच नको, रुंद हवा, कारण बजी हेलिकॉप्टरसारखा सरळ वर जात नाही. तो आडवा उडतो. गजांमधील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. सोबत येणाऱ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या वा कडुलिंबाच्या, औषध न फवारलेल्या फांद्या धुऊन, वाळवून लावाव्यात. कमीजास्त जाडीमुळे पायांना व्यायाम होतो. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा गजाला बांधावा, काष्ठौषधींच्या दुकानात तो सहज मिळतो.

खाण्याबाबत एक गोष्ट सर्वांत आधी सांगतो, कारण तिच्यापायी पक्षी अक्षरशः उपाशी मरतात. बजी दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो. त्यामुळे वाटी दुरून भरलेली दिसते, पण तिच्यात फक्त फोलपटे असतात. मोतीबिंदूमुळे नजर अधू असेल, तर हा फरक मुळीच दिसत नाही. आणि एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांचा उपासही झेपत नाही. म्हणून वाटीकडे पाहून ठरवूच नये. रोज सकाळी ती कचऱ्यात पूर्ण रिकामी करून, पुसून, नवा दाणा घालावा. प्रत्येक पक्ष्यामागे दीड ते दोन चहाचे चमचे दिवसाला पुरतात. पाणीही रोज बदलावे आणि भांडे घासावे, नुसते वरून भरू नये.

राळा, बाजरी असे मिश्र दाणे हा आहाराचा एक भाग झाला. नुसत्या दाण्यावर राहिलेला बजी लठ्ठ होतो, यकृत बिघडते, अ जीवनसत्त्व कमी पडते. रोज थोडी हिरवी भाजी हवी: कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला, किसलेले गाजर. भाजी स्वच्छ धुऊन ओलीच अडकवावी. पुष्कळ बजी त्या ओल्या पाल्यातच अंग घासून आंघोळ उरकतात. नवे खाणे ते आठ-दहा दिवस ओळखतही नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशी 'आवडत नाही' असा निकाल देऊ नये. मीठ-तिखटाचे पदार्थ, कांदा, लसूण, चॉकलेट, चहा-कॉफी, सफरचंदाच्या बिया वर्ज्य. अव्होकॅडो तर विषच. चहात बुडवलेले बिस्किट आणि आपल्या तोंडातला घास देण्याचा मोह टाळावा. आपल्या लाळेतील जंतू त्याला बाधतात.

आता स्वयंपाकघराचे कारण. पक्ष्याची श्वसनसंस्था आपल्याहून फार तल्लख असते. हवेतले चांगले तसे वाईटही तो झटकन ओढून घेतो. नॉनस्टिक तवा रिकामा राहून फार तापला की त्याच्या लेपातून निघणारा वायू आपल्याला जाणवतही नाही, पण त्याने बजी काही मिनिटांत मरू शकतो. फोडणीचा खकाणा, मिरच्या भाजल्याचा ठसका, डासांची उदबत्ती, फवारे, देवघरातला धूप आणि कापूर हे सारे त्याला त्रासाचे. देवपूजा बंद करावी असे नाही. पिंजरा देवघरापासून दूर असावा आणि खिडकी उघडी ठेवावी. दिवाळीत फटाक्यांच्या वेळी पिंजरा आतल्या खोलीत न्यावा. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात तो चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसला तर त्याला उष्मा झाला आहे. लगेच गार जागी हलवून पाणी द्यावे, पण बर्फाचे पाणी अंगावर ओतू नये.

रात्री त्याला दहा ते बारा तासांची झोप लागते. आपल्या मालिका रात्री साडेदहापर्यंत चालत असतील, तर आठच्या सुमारास पिंजरा शांत खोलीत हलवावा वा तीन बाजूंनी सुती कापड घालावे. अंधारात दचकून फडफडणाऱ्या पक्ष्यासाठी मंद दिवा असू द्यावा.

बजी आजार लपवतो. थव्यात दुबळा दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून शक्य तितका काळ तो धडधाकट असल्याचे भासवतो. आपल्याला लक्षात येते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. दिवसाउजेडी पिसे फुगवून, दोन्ही पायांवर, डोळे अर्धवट मिटून बसणे. श्वासागणिक शेपूट वरखाली होणे. विष्ठा पातळ किंवा कमी होणे. चोचीभोवती खरबरीत पांढरट पापुद्रा धरणे, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, कणसाच्या लालचीने त्याला स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर चढवून वजन दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहून ठेवावे. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याचे ३ ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे पाच किलो घटण्यासारखे आहे. आणखी एक: गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुराढोरांचे. पक्षी तपासणारे डॉक्टर जवळ कुठे आहेत, हे पक्षी घरात आणण्याआधीच विचारून ठेवावे. मुंबईत परळचे बाई साकराबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे, तशी सोय सर्वत्र नाही.

आपल्या स्वतःच्या प्रकृतीचेही पाहायला हवे. बजीच्या पिसांतून आणि वाळलेल्या विष्ठेतून बारीक धूळ उडते. काही व्यक्तींच्या फुप्फुसांना तिची दीर्घकालीन बाधा होते. दम लागणे, कोरडा खोकला हळूहळू वाढत जातो आणि आपण तो वयाच्या खात्यावर टाकतो. दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे वा कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पक्षी आणू नये. सिटॅकोसिस नावाचा एक जिवाणुजन्य आजारही पक्ष्यांकडून माणसाला होऊ शकतो आणि पक्षी वरकरणी ठणठणीत दिसत असतानाही होऊ शकतो. तो योग्य प्रतिजैविकांनी बरा होतो, पण डॉक्टरांना त्याची शंका यायला हवी. ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला घेऊन गेलात तर 'घरात पक्षी आहे' हे वाक्य न विचारता सांगावे. पिंजरा झोपण्याच्या खोलीत नसावा. तळाचा कागद रोज ओलसर करून उचलावा, कोरडा झाडू मारू नये, मुखपट्टी बांधावी, हात साबणाने धुवावेत. भोवती सांडलेला दाणा तर लगेच पुसून घ्यावा; गुळगुळीत फरशीवर राळ्याचे चार दाणे पायाखाली आले की घसरून पडायला तेवढे पुरते, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको.

एवढे सारे सांभाळून पक्षी ठेवावा का, असे कोणी विचारील. इंग्लंडमधील यॉर्कशायर भागात एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा एक छोटा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना बजरीगर दिला होता, काहींना बेगोनियाचे कुंडीतले रोप. पक्षी मिळालेल्यांच्या मनःस्थितीत आणि लोकांशी असलेल्या संबंधांत अधिक चांगला फरक दिसला. अभ्यासातील माणसे थोडी होती, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढणे बरे नव्हे; पण घरी आलेल्या माणसाशी गुडघेदुखीपलीकडे बोलायला एक विषय मिळतो, हे कोणीही अनुभवाने सांगेल.

शुश्रूषा करणाऱ्यांना दोन शब्द. पक्षी ही भेटवस्तू न विचारता देऊ नये. ज्यांच्या हाती पुढची काही वर्षे हे काम पडणार, त्यांचा होकार आधी घ्यावा. विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीच्या घरी दाणा, पाणी, दार लावणे ही कामे आपल्याकडे ठेवावीत. एकदा घातलेला दाणा पुन्हा घातला जातो, किंवा घातला असे वाटून दोन दिवस राहून जातो. त्यांच्याकडे बोलणे, कणीस भरवणे, संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड घालणे ही कामे द्यावीत. पक्षी मेला तर त्याच रंगाचा दुसरा गुपचूप आणून ठेवण्याचा मार्ग अनेक घरांत पत्करला जातो. मला तो पटत नाही. आई-वडिलांना बहुधा कळतेच, आणि मग त्यांना पक्ष्याचे दुःख एकट्याने, न बोलता सोसावे लागते. जो गेला त्याचे नाव घेऊन रडू द्यावे. दुसरा आणायचा की नाही, ते त्यांनी सावकाश ठरवावे.

शेवटी एक काम आजच करता येण्यासारखे. आपल्याला अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर पक्ष्याकडे कोण पाहील? शेजारचे एक घर ठरवून ठेवावे, त्यांना आठवड्यातून एकदा आपल्यासोबत पिंजऱ्याजवळ बसवावे, म्हणजे त्यांचा आवाजही पक्ष्याच्या ओळखीचा होईल. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे: दाणा किती आणि केव्हा, वाटी रोज पूर्ण रिकामी करायची, भाजी कोणती, झाकायचे किती वाजता, पंखा बंद, डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक. तो कागद पिंजऱ्याच्या मेजावर, सहज दिसेल असा चिकटवून ठेवावा.